विमानातली माणसं

“नारायणा, सरक जरा, तुझ्या डोक्यामागे अर्धं विमान झाकलं गेलंय,” अक्का धाकट्या भावावर कुरकुरल्या.

अमेरिकेने हाकलून दिलेली माणसं टीव्हीवर एकेक करून उतरत होती. नारायणरावांच्या अंशुलचा तिथला व्हिसा संपून अकरा वर्षं झालेली; इथे देवासमध्ये मात्र सगळ्यांना ‘लेकाला सुट्टी मिळत नाही’ एवढंच सांगून ठेवलेलं. शेवटचा माणूस उतरला. “नाही, अक्का, आपला नाही यात. माताजीची कृपा,” नारायणराव म्हणाले, आणि घराने अडवलेला श्वास सोडला.



अंशुलची आई अजून त्या रिकाम्या शिडीकडेच बघत होती. “अहो, मी तर माताजीला रोज म्हणते, एकदाचं पकडू देत त्याला,” ती म्हणाली. “घरी तरी आणून सोडतील.”