रामेश्वरसाठी गाडी

मागचा दरवाजा उघडून माई आत बसल्या आणि लगेच खाली उतरल्या.

"पायरी फार उंच आहे ग. दर चहाला मला कोण उतरवणार?"

"माताजी, फुटरेस्ट लगवा देंगे," हर्षल म्हणाला. उज्जैनच्या फ्रीगंज भागात मागच्या बाजूला जुन्या गाड्यांचं त्याचं आवार होतं. सकाळपासून तो या सासू-सुनेला गाड्या दाखवत होता.

"नको. दुसरी बघू," मृणाल म्हणाली.

उज्जैनहून थेट रामेश्वरला जायचं होतं. सोलापूर, बेंगळुरू, मदुराई अशी वाट तिनं काढून ठेवली होती. सुमीतनं फार पूर्वी आईला शब्द दिला होता, आपल्या स्वतःच्या गाडीनं तुला रामेश्वर दाखवीन. मग मस्कतच्या नोकरीत वर्षं गेली आणि ते राहूनच गेलं. पावसाळ्यात माईंचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्या चालत्या-फिरत्या झाल्या तसं मृणालनंच ठरवलं, आता आणखी थांबायचं नाही. गाडी आपण चालवू.

नवी गाडी घेणं शक्यच नव्हतं. शाळेतल्या पगारावर घर चाललं होतं, संध्याकाळी दोन ट्यूशन होत्या. "सुमीतकडं मागू नकोस हं," माईंनी आधीच बजावलं होतं. "त्याला त्याचं असेल काहीतरी. जेवढ्यात बसेल तेवढ्यात घेऊ."

दुसरी गाडी लहान होती, लाल, पुसून चकचकीत केलेली. माई आरामात बसल्या.

"ही बरी आहे की. आणि स्वस्तपण आहे."

मृणालनं वाकून पायाखालची चटई उचलली. खालचा पत्रा गंजला होता. सीटखाली हात घातला तर बोटांना वाळलेली माती लागली.

"पानी में डूबी थी क्या?"

"अरे नहीं मैडम, थोड़ी नमी है बस."

"शहरात चालेल एखाद वेळेस," ती माईंना म्हणाली. "पण इतक्या लांब नाही न्यायची ही. रस्त्यात बंद पडली तर तुम्हाला घेऊन मी कुठं उभी राहू?"

तिनं पर्समधून फोन काढला, थोडं बाजूला जाऊन काहीतरी टाइप केलं आणि तशीच उभी राहिली.

"सुमीत म्हणतोय, घाई करू नका," परत येऊन ती म्हणाली. "मोठ्या प्रवासाला जरा दणकट घ्या म्हणतोय."

"बरोबर आहे त्याचं." माईंनी पदरानं मान टिपली. "जेवलास का विचार त्याला."

मृणालनं पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

"हो म्हणतो. आत्ताच जेवला."

पूर्वी माई आवाज ऐकवायचा हट्ट धरायच्या. फोन लाव, मला बोलू दे, त्याचा चेहरा दाखव. दिवाळीपासून तो हट्ट बंद झाला होता. जेवला एवढं कळलं की त्यांना पुरायचं.

हर्षल मात्र कंटाळला होता. "मैडम, भैया से मेरी सीधी बात करा दो ना. दो मिनट में समझा दूँगा."

मृणालचा अंगठा फोनवर थांबला.

"अहो, उधर साइट पे फोन पे बात नहीं करने देते," माई मध्येच म्हणाल्या. "मैसेज पे ही काम चलाना पड़ता है. तुम तीसरी दिखाओ."

तिसरी गाडी करड्या रंगाची, सात जणांची. आधीचा मालक एकच, पेन्शनीत निघालेला प्राध्यापक. मृणालनं बॉनेट उघडायला लावलं, ऑइलचं झाकण काढून पाहिलं, चारही टायरांवरून हात फिरवला. डिकी उघडून आतलं कुलूप लागतं की नाही तेही दोनदा पाहिलं. बाजूच्या आरशात तिला आपला घामेजलेला चेहरा दिसला. टिकली एका बाजूनं सुटली होती. ती तिनं बोटानं दाबून पुन्हा बसवली. माई तिच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी मान फिरवली.

"स्कूटी यहीं छोड़ दो, आराम से चक्कर लगा के आओ," हर्षलनं किल्ली दिली.

माई मागं बसल्या. मृणालनं गाडी इंदूर रोडला घेतली. सुरुवातीला तिचे हात आखडले होते. कुंभमेळ्याच्या मोकळ्या मैदानात सुमीतनं तिला चालवायला शिकवलं होतं, मित्राची गाडी मागून आणून. क्लच सोडताना गाडी बंद पडली तरी तो हसायचा नाही. "पुन्हा," एवढंच म्हणायचा. तिनं चौथा गिअर टाकला. गाडी कसलाही आवाज न करता पुढं गेली. डोळे भरून आले तशी तिनं खिडकीची काच खाली केली, वारा लागला म्हणायला.

"जरा बाजूला घे ग," मागून माई म्हणाल्या.

मृणालनं घाबरून गाडी एका लिंबाखाली उभी केली. "काय होतंय? दम लागला? गोळी देऊ?"

"काही होत नाहीये. बस तू." माईंनी पुढं आलेली पाण्याची बाटली हळूच बाजूला सारली. "हीच गाडी घे. हिच्यात मला नीट बसता येतंय."

"नक्की?"

"नक्की." त्या सीटवर जरा पुढं सरकल्या. "ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं ना, यांना जपा, कसला धक्का बसू देऊ नका म्हणून. फार जपलंस ग. इतके महिने, एकटीनं."

मृणालचे हात स्टिअरिंगवरच राहिले. मागून माईंचा हात तिच्या खांद्यावर आला.

"निघताना सुमीतच्या अस्थी माझ्याकडं दे. रामेश्वरपर्यंत मी त्याला मांडीवर घेऊन बसेन."