शास्त्रीबुवांची पेन्सिल

प्राचीन वैद्यकाचे अभ्यासक रिसबूडशास्त्री अंथुर्ण्याच्या महिपतीला त्याच्या पणजोबांची पोथी परत करायला दोन दिवसांसाठी आले आणि तिथंच अडकले. गेल्या वर्षी पोथी न्यायला आले तेव्हा बारवेचं पाणी प्यायले होते. त्याचा नारू आता पोटरीतून बाहेर आला. महिपतीच्या आईनं, बनाबाईनं, त्यांच्याच खिशातली पेन्सिल घेतली आणि तो दोऱ्यासारखा किडा तिच्यावर गुंडाळायला लागली. लिहिणं-वाचणं संपलेल्या त्या घरात तेवढी एकच पेन्सिल होती. रोज एक वेढा, त्याहून जास्त नाही.

"हलू नगा शास्त्रीबुवा. तुटला तर पाय सडंल."

सहाव्या दिवशी पुण्याहून टपालानं त्यांच्या ग्रंथाची तपासायची पानं आली. ती आजच परत गेली, तरच ग्रंथ वेळेत छापून होणार होता आणि कॉलेजातली प्राध्यापकाची जागा मिळणार होती. त्यांनी पहिलं पान उघडलं. 'नारू काडीवर गुंडाळून काढण्याची विद्या हजार वर्षांपूर्वीच लुप्त झाली.'

"बनाबाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? पार लासुर्ण्यापातुर समद्या बायांला येतंय."

 ते वाक्य खोडायला शास्त्रीबुवांनी घाईघाईनं पेन्सिल मागितली.

 

बनाबाईनं त्यांच्या पोटरीकडं बोट दाखवलं. "आनखी पंधरा दिस तरी न्हाय मिळायची."