वाढलेलं रक्त

"ताप गेला, रगात पण वाढलं," पारी पेणच्या एसटी स्टँडवरच्या बाकावरून उठत म्हणाली. "चला आता घरी."

दर्शनाच्या हातात दोन कागद होते. एक परवाचा, एक आत्ताच रामवाडीच्या लॅबमधून आणलेला. तिची धाकटी बहीण वनिता पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. पाच दिवस ती डेंग्यूच्या तापाने फणफणली होती, आज सकाळी अंग निवलं. हिमोग्लोबिन बाराचं पंधरा झालं होतं. तो आकडा दर्शनाने मोठ्याने वाचला, तेव्हा आईचा, पारीचा, चेहरा उजळला. पुढचे आकडे तिने मनातच वाचले. प्लेटलेट्स अठ्ठ्याऐंशी हजारांवरून एक्कावन्न हजार. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या दाटपणाचा आकडा, छत्तिसावरून पंचेचाळीस.

दोन दिवसांत कुणाचं रक्त एवढं वाढत नाही.

अलिबागला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत तिने हेच लिहिलं होतं. ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. पाणी नसांमधून झिरपून जातं आणि उरलेलं रक्त दाट होतं. दहापैकी आठ गुण पडले होते. पण त्या उत्तरात वनिता नव्हती.

रोह्याची गाडी लागली. त्यांच्या वाडीत जायला दुपारनंतर हीच एक होती, आणि वाडीतून परत यायला सकाळपर्यंत काहीच नव्हतं. ज्यांनी तपासणी सांगितली ते डॉक्टर पाचला येणार होते. आत्ता दोन वाजले होते.

"आये, थांब. आपण सरकारी दवाखान्यात जाऊ."

"कशाला? ताप हाय का तिला?"

"नाय. म्हणूनच."

पारीने मोठ्या मुलीकडे बघितलं. "जनूच्या टायमाला पण तू असंच केलंस. कागद बघितलास नि अख्खी वाडी रडवलीस. काय निघालं? काय पण नाय."

 जनूकाका आजही दर्शनाला बघितलं की छातीवर हात ठेवून मुद्दाम कण्हायचा आणि लोक हसायचे. आता पुन्हा तसंच झालं तर? आणि नाही झालं तर?

"मला पडायचंय फक्त," गाडीच्या पायरीवरून वनिता म्हणाली. तिने एक हात पोटावर दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताने गाडीचा दांडा. "पोट दुखतंय माझं."

"कधीपासून?"

"सकाळधरनं."

दर्शनाने तिचा दांड्यावरचा हात ओढून घेतला. ऊन मरणाचं होतं, पण हात गार होता, ओलसर. तिने बोटाचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख लाल व्हायची ती वाट बघत राहिली. एक. दोन. तीन. चार.

कंडक्टरने घंटी दिली.

"आये," दर्शनाचा आवाज तिलाच ओळखू येईना. "कालवण आटलं की खारट लागतं ना? मीठ वाढलेलं नसतं गो. पाणी गेलेलं असतं. हिच्या रगताचं तसं झालंय."

 पारीने वनिताच्या काखेत हात घालून तिला पायरीवरून खाली घेतलं. गाडी निघून गेली. रिक्षात वनिता आईच्या मांडीवर आडवी झाली, आणि दर्शनाने सगळा रस्ता तिची नाडी सोडली नाही. मोजताना ती दोनदा चुकली.

दवाखान्यात डॉक्टर मैथिली मॅडम ड्यूटीवर होत्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. शहाण्णववर ऐंशी. पुन्हा घेतला. तोच. वरचा आणि खालचा आकडा इतके जवळ आलेले दर्शनाने फक्त पुस्तकात बघितले होते.

"कुठे निघाला होतात?"

"घरी. रोह्याला."

 मॅडमनी नर्सला मोठ्याने हाक मारली.

सलाईन सुरू झालं. तासाभराने मॅडम येऊन बघून गेल्या, पुन्हा आल्या, सलाईनचा वेग बदलला. पारी खाटेच्या पायाशी जमिनीवर बसून होती.  तिने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं दर्शनाला वाटत राहिलं. परीक्षेत चुकलं की गुण जात होते, एवढंच.

दिवे लागले तेव्हा नवा रिपोर्ट आला. मॅडमनी तो न बघताच दर्शनापुढे धरला. "डॉक्टरकी शिकतेस ना? तू वाच."

तिने घडी उघडली. आधी तारीख वाचली, मग नाव, मग वय. आकडा वाचवेना. शेवटी डोळे तिथे गेलेच. हेमॅटोक्रिट एक्केचाळीस.

"खाली आलाय," ती म्हणाली. "नाडी पण भरून लागतेय. आणि हात..." तिने वनिताचा हात पुन्हा धरला. "उबदार झालाय."

"अजून दोन दिवस धोका आहे," मॅडम म्हणाल्या. "पण वेळेत आलात."

दर्शना भिंतीला टेकून खाली बसली. आईने तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं, आणि दुपारपासून पिशवीत तसाच राहिलेला भाकरीचा रुमाल सोडला.

पहिला घास तोंडात जातो न जातो तोच शेजारच्या खाटेपाशी बसलेली बायजाबाई उठून आली. तिचा म्हातारा दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिच्या हातात चुरगळलेला कागद होता.

"गो बाय, तुला वाचता येतं ना ह्यातलं? माझ्या म्हाताऱ्याचा पण बघ. काय नाय ना ह्यात?"

दर्शनाने कागद हातात घेतला.  तिने तो न वाचताच मिटला आणि ती उठली.

"आधी मला त्यांचा हात बघू दे, मावशे."