जिथलं तिथं

डबीत पोपट नव्हता. कापूस होता, कापसात त्याच्या आकाराचा खळगाही होता, पोपट तेवढा गायब होता. आणि मार्लेन कुठल्याही क्षणी दाराशी सायकल लावणार होती.

सुनीतीने ओट्यावरचे डबे हलवून पाहिले, कचऱ्याची पिशवी उपसली, शेवटी हरीशला ऑफिसात फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "फ्रिजवर बघ," असं कुजबुजून त्याने फोन ठेवला. हरवलेली प्रत्येक वस्तू फ्रिजवर असते अशी त्याची श्रद्धा होती.

पोपट म्हणजे खरं तर पिन. अंगठ्याएवढी, चांदीची, वर सोन्याचा मुलामा. बाकदार चोच आणि डोळ्याच्या जागी लाल खडा. चौदाशे वर्षांपूर्वी इथल्या कुणा बाईने ती खांद्यापाशी वस्त्राला टोचली असेल. हौशी लोकांना शेतात मेटल डिटेक्टर फिरवायची मोकळीक कायद्याने नुकतीच मिळाली होती आणि सुनीतीने ती मनापासून उपभोगली होती. बेस्ट नावाच्या डच गावाबाहेर, त्यांच्या घरामागच्या सायकल-रस्त्यापलीकडे मक्याचं शेत होतं. शेतकऱ्याला विचारून ती तिथे यंत्र फिरवायची. बाटल्यांची झाकणं आणि ट्रॅक्टरचे नटबोल्ट यांचा तिच्याकडे चांगला संग्रह झाला होता. गेल्या रविवारी मात्र हा पक्षी हाती लागला. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि "पोपट आहे," असा निकाल देऊन टाकला.

मार्लेन विद्यापीठातर्फे लोकांना सापडलेल्या अशा जुन्या वस्तूंची नोंद करायची. फोटो पाहून तिने लगेच फोन केला होता. असे पक्षी त्या काळी बायका जोडीने लावत, ती म्हणाली. एकटा पक्षी नांगराने कुठूनही ओढत आणलेला असू शकतो. पण दोन्ही एकाच ठिकाणी निघाले, तर तिथे त्या बाईची कबर असण्याचीच शक्यता जास्त. मग रीतसर उत्खनन. "आणि तू आमच्या टीममध्ये. फक्त मी येईपर्यंत त्या जागेवर पाऊल टाकू नकोस."

सुनीतीने पुण्यात पुरातत्त्वात एमए केलं होतं. लग्न करून इथे आल्यापासून ती पदवी बॅगेच्या तळाशी होती आणि सुनीती सगळ्यांना हरीशची बायको म्हणून ठाऊक होती. नोकरीसाठी केलेल्या प्रत्येक अर्जाला अतिशय गोड शब्दांत नकार यायचा. मार्लेनचं ते वाक्य ऐकल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आता पोपट उडाला होता आणि तिचाच पोपट व्हायची वेळ आली होती.

तेवढ्यात सासूबाई फिरून आल्या. साडीवर हरीशचं जॅकेट, बुटांना चिखल, चेहऱ्यावर समाधान.

"आई, डबीतली पिन बघितलीत का तुम्ही?"

"ठेवून आले."

"कुठे?"

"जिथलं तिथं," बुटांचे बंद सोडत त्या म्हणाल्या. "सापडलेलं सोनं घरात ठेवत नाहीत, सुनीती. त्यातून परक्या बाईच्या अंगावरचं. रविवारी तू मला शेत दाखवलं होतंस ना, तिथंच उलथन्याने खड्डा करून पुरलं."

सुनीती सासूबाईंना उलटून कधी बोलली नव्हती. आज तिचा आवाज चढला.

"आई, या देशात पहिल्यांदा मला माझं असं काहीतरी मिळत होतं. तेही पुरून आलात."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सोडलेले बंद पुन्हा बांधायला घेतले. बेल वाजली.

मार्लेनने दारातच सगळं ऐकून घेतलं. "लोक वस्तू विकतात, लपवतात," ती म्हणाली. "परत पुरलेली मी अजून पाहिली नव्हती."

तिघी शेतात गेल्या. मका कापून झाला होता, नुसते खुंट उभे होते. "इथं," सासूबाई म्हणाल्या. "नाही, थोडं अलीकडे. सगळं रान सारखंच दिसतं मेलं." सुनीती यंत्र फिरवत राहिली. कुंपणाच्या बाजूला ते एकदम खणखणीत वाजलं. ती गुडघ्यांवर बसली आणि खुरप्याने उकरू लागली. माती चांगलीच घट्ट होती, पण तिला आता कशाचंच भान नव्हतं. वीतभर खाली बाकदार चोच दिसली, मग लाल डोळा. मातीने लडबडलेला पोपट तिने तळहातावर घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चला, वस्तू तरी वाचली," मार्लेन म्हणाली. पण मग तिने मान हलवली. "उत्खननाचं मात्र विसर. पुन्हा एकच पक्षी, आणि त्याची जागाही उकरलेली. यावर मला कुणी परवानगी देणार नाही."

सुनीतीने नुसतं बरं म्हटलं. सासूबाईंना डच कळत नव्हतं, सुनेचा चेहरा कळत होता. त्यांनी चष्मा लावला, तिच्या तळहातावर वाकून नीट पाहिलं आणि पोपट बोटाने उलटासुलटा केला.

"हा तो नव्हे गं," त्या म्हणाल्या. "तो मी हिरव्या खणात बांधून, बाईची ओटी भरून पुरलाय."