मागचं पान

गणपती विसर्जनाच्या नंतरचा दिवस. याच तिथीला भूकंपात पडलेल्या जुन्या गावी जायला मी पिशवी भरली. नात पुनम कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाली, "आबा, दरसाली कशाला जाता? तिथं दगडांशिवाय काय उरलंय?"

मी दारातच टेकलो. तिचंही काम अडलं होतं. लातूरच्या एका क्लासची परीक्षा उद्या तिनं केलेल्या वेबसाइटवर व्हायची होती, आणि 'मागे'चं बटण दाबलं की आधीचा प्रश्न दिसायचं सोडून पोरं परीक्षेच्याच बाहेर पडत होती.

थोड्या वेळानं ती ओरडली, "सापडलं! नवं पान मी जुन्याच्या जागीच बसवत होते. मग मागं जायला उरणार काय?"

"मग आता?"

"आता जुनं तिथंच ठेवते, नवं त्याच्या पुढं."

"हाव. जुनं तिथंच ठेवून आपलं नवं गाव बसवलं तसं."

तिनं तसा बदल केला. कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मी एकेक अक्षर वाचलं, मा-गे, आणि दाबलं. आधीचा प्रश्न आला, दिलेल्या उत्तरासकट.

मी पिशवी उचलली. पुनम चपला शोधत होती.

"थांबा की, आबा. आपलं घर कुठं होतं, ते दाखवाल ना मला?"