पुतळ्याला लागलेला हात

"सर, याला गुदगुल्या होतात का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ऋजुताने विचारलंच! शाळेची सहल वैद्यकीय महाविद्यालयात आली होती आणि टेबलावर सरावाचा रबरी पुतळा झोपला होता.

"होतात. लाव हात, पण हलक्या हाताने," तिथले सर म्हणाले. त्यांचं पुढचं बोलणं मुलींच्या खिदळण्यात बुडालं.

तिने पुतळ्याच्या पोटात बोट खुपसलं.

"अगं आई गं!" पुतळा बाईच्या आवाजात कळवळला.

"लय भारी! अजून जोरात, ऋजे!" मनवा ओरडली. मग काय, ऋजुताने सगळा भार टाकून दाबलं, वर फोटोसाठी जीभही काढली.

सरांनी तिचा हात धरला आणि शेजारचा पडदा सारला. आत खाटेवर एक काकू पोट धरून घामाघूम झाल्या होत्या. त्यांच्या ताज्या टाक्यांभोवती पुतळ्याशी जोडलेल्या यंत्राच्या तारा चिकटवलेल्या होत्या.

"पुतळ्याला लावलेला हात यांना लागतो, आणि प्रत्येक दाब या यंत्रात साठतो. होणाऱ्या डॉक्टरांना दुखणं कळावं म्हणून त्या आपणहून येतात. मघाशी हेच सांगत होतो."

"जाऊ द्या हो सर," काकू म्हणाल्या. "लेकरू हसत होतं, मग थांब कसं म्हणायचं?"

ऋजुताला तोंड कुठे लपवू असं झालं.

घरी बाबांनी कौतुकाने विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, कशी झाली सहल?"

"मी काकूंना दाबलं, ते यंत्रात साठलंय," ती आई-बाबांना म्हणाली. "उद्या जाऊन ते माझ्या पोटावर घेणार आहे. सरांना विचारलंय. तुम्ही नाही म्हणालात तरी जाणार."