बाबांची युक्ती

लशीच्या कारखान्यात बाबा बावीस वर्षं फिल्टर बदलायचं काम करत होते आणि मी तिथेच संशोधन विभागात होते. लस गाळताना फिल्टरचा पडदा दर वेळी तुंबायचा आणि कितीतरी लस त्यातच अडकून वाया जायची.

"महिन्याभरात यावर तोडगा निघाला नाही, तर मला नारळ मिळणार," एकदा जेवताना मी रडकुंडीला येऊन सांगितलं.

बाबा बराच वेळ ताटात नुसतं बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "पंप एकदम जोरात सोडता तुम्ही. हळू सुरू करा, लस पडद्यावरून आडवी वाहू द्या. गाळ बसणारच नाही."

खरंच बसला नाही. एकेक पडदा महिना महिना टिकू लागला. माझा सत्कार झाला, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ टाळ्या बाबांनीच वाजवल्या.

सोमवारी सकाळी दहालाच ते भरलेला डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "घरी निघालो गं. फिल्टर बदलायला आता माणूस लागत नाही म्हणे."

"बाबा, हे माझ्या लक्षातच आलं नाही हो!"



"माझ्या आलं होतं पोरी. म्हणून तर बावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं."